जुनी टंकयंत्रे आणि नवी घरे

या व्याख्यानाचा विषय कळविला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांला हसत विचारले, “म्हणजे यंदा भंगारावर व्याख्यान काय?” प्रश्न थट्टेचा होता, पण अगदीच निराधार नव्हता. ज्या वस्तूंविषयी आज बोलावयाचे आहे त्या आम्हांला बहुतेक भंगाराच्या दुकानांतच भेटल्या. मात्र त्यांतील पुष्कळशा भंगार नव्हत्या. चांगली चालणारी, किंवा दोन-चार तासांच्या झाडपुशीने चालू लागणारी टंकलेखन यंत्रे केवळ लोखंडाच्या वजनाने विकली जात होती. अशी यंत्रे कोठे शोधावीत, कशी पारखावीत, कशी दुरुस्त करावीत, आणि मुख्य म्हणजे ती कोणाला द्यावीत, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही तिघे मित्र हा उद्योग सुटीच्या दिवशी करतो. आमच्यापैकी कोणीही यंत्रज्ञ नाही. तेव्हा आम्ही सांगतो ते शास्त्र नसून चुकतमाकत मिळविलेली माहिती आहे, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

यंत्रे भंगारात आली कशी

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची हातयंत्रावरील टंकलेखनाची शेवटची परीक्षा ऑगस्ट २०१७ मध्ये झाली. संगणकावरील परीक्षा त्यापूर्वीच सुरू झाली होती. आता ती एकटीच उरली. या एका निर्णयाचा अर्थ काय झाला तो ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडे तालुक्याच्या प्रत्येक गावी, बाजारपेठेतल्या एखाद्या माडीवर, टंकलेखनाचा एक तरी वर्ग असे. मॅट्रिक झालेली मुले-मुली तेथे तीस शब्दांची, चाळीस शब्दांची परीक्षा देत आणि त्या प्रमाणपत्रावर कचेरीत, कोर्टात, बँकेत चिकटत. अशा वर्गात दहा, वीस, क्वचित तीस यंत्रे असत. परीक्षा बंद झाल्यावर ती सर्व एकाच वेळी निरुपयोगी ठरली. जागेचे भाडे मात्र चालूच राहिले. मग वर्गचालकाने काय करावे? त्याने भंगारवाल्याला बोलाविले.

कचेऱ्यांतली यंत्रे त्याच्याही आधी गेली होती. सरकारी भाषेत याला ‘निर्लेखन’ म्हणतात. वस्तू वहीतून खोडावयाची आणि लिलावात काढावयाची. अशा लिलावात वस्तू बहुधा एकेक विकत नाहीत, गठ्ठ्याने विकतात. त्यामुळे सामान्य माणसाच्या हाती त्यांतले एखादे यंत्र लागणे कठीण.

नवीन यंत्रे तर येणेच थांबले. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतात बनविलेले टंकयंत्र बाजारात आणले, तेव्हा त्याचे कौतुक देशभर झाले होते. त्याच कंपनीने २००९ मध्ये उत्पादन थांबविले आणि २०११ पर्यंत शिल्लक माल विकला. म्हणजे आज आपल्याकडे जी यंत्रे आहेत तेवढीच. त्यांत नवी भर पडावयाची नाही, वितळली जातील तेवढी कमी मात्र होतील.

यंत्राची थोडी ओळख

यंत्र पारखावयाचे तर ते चालते कसे हे ठाऊक पाहिजे. या यंत्राच्या इतिहासात फार शिरण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८०८ च्या सुमारास इटलीत पेल्लेग्रीनो तुर्री नावाच्या गृहस्थाने एक लेखनयंत्र तयार केले, ते आपल्या एका अंध मैत्रिणीसाठी. तिला पत्रे लिहिता यावीत एवढाच त्याचा हेतू. यंत्र राहिले नाही, पण तिने त्यावर लिहिलेली काही पत्रे उरली आहेत. बाजारात खपलेले यंत्र त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आले. अमेरिकेत मिलवॉकी येथे ख्रिस्तोफर शोल्स आणि त्याचे सोबती यांनी ते घडविले आणि बंदुका व शिवणयंत्रे बनविणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली विक्रीस काढले. त्यावर फक्त मोठी इंग्रजी अक्षरे उमटत, आणि खिळे रुळाच्या खालच्या बाजूस आपटत असल्यामुळे आपण काय लिहितो ते लिहिणाऱ्याला त्या क्षणी दिसत नसे. १८७८ च्या यंत्रात एकाच कळीवर दोन अक्षरे बसविण्याची सोय झाली. पुढे अक्षरे समोर, डोळ्यांपुढे उमटू लागली आणि आज आपण ओळखतो ते यंत्र तयार झाले.

त्याची रचना अशी. कळ दाबली की तिला जोडलेली दांडी उसळते. दांडीच्या टोकाशी उलट्या अक्षराचा खिळा असतो. तो शाईच्या फितीवर आपटतो आणि फितीमागच्या कागदावर अक्षर उमटते. कागद रबरी रुळाभोवती गुंडाळलेला असतो. रूळ बसतो कॅरेजवर, आणि ती कॅरेज एका स्प्रिंगने सतत डावीकडे ओढलेली असते. एक दातेरी चाक तिला धरून ठेवते. प्रत्येक अक्षरासरशी हे चाक एक दाता सोडते आणि कॅरेज एक घर पुढे सरकते. ओळ संपत आली की घंटा वाजते. आपण दांड्याने कॅरेज परत उजवीकडे ढकलतो, तेव्हा स्प्रिंग पुन्हा गुंडाळली जाते. थोडक्यात, या यंत्राला लागणारी सारी शक्ती लिहिणाऱ्याच्या हातातून येते. वीज लागत नाही. म्हणूनच पन्नास वर्षे माळ्यावर पडलेले यंत्रही पुन्हा चालू होऊ शकते.

कोठे शोधावीत

पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. तेथे यंत्रे मिळतात, पण तेथील दुकानदारांनाही आता त्यांची किंमत कळली आहे. विशेषतः लहान, पेटीत मावणारी विलायती यंत्रे त्यांनी वेगळी काढून ठेवलेली असतात. स्वित्झर्लंडचे हर्मिस बेबी, इटलीचे ऑलिव्हेटी लेटेरा, जर्मनीचे ऑलिंपिया ही त्यांतली नामांकित. हर्मिस बेबी तर चार किलोंच्याही आत भरते.

आमचा अनुभव असा की, लहान गावांतील भंगारवाले, बंद पडलेले टंकलेखनाचे वर्ग, जुन्या वकिलांच्या कचेऱ्या आणि सार्वजनिक संस्थांचे माळे ही खरी ठिकाणे. आपल्या कित्येक संस्थांची कार्यक्रमपत्रिका पूर्वी स्टेन्सिलवर टंकलिखित होत असे. फितीची कळ पांढऱ्या खुणेवर ठेवून फीत बाजूला सारावयाची, नुसत्या खिळ्याने मेणकागदावर अक्षरे कोरावयाची, आणि मग चक्रमुद्रण यंत्रावर प्रती काढावयाच्या. असे यंत्र अद्याप संस्थेच्या कपाटावर, जुन्या बॅनरांच्या खाली बसलेले असण्याचा पुष्कळ संभव आहे. या व्याख्यानाला आलेल्या संस्थाचालकांनी घरी जाण्यापूर्वी एकदा कपाटावर नजर टाकावी.

भंगारवाल्याशी बोलताना आम्ही एक पथ्य पाळतो. त्याला हिणवावयाचे नाही आणि आपण फार जाणते आहोत असेही दाखवावयाचे नाही. एका गावी आम्ही विचारले, “काका, हे चालतं का?” तो म्हणाला, “चालतं का ते तुम्ही बघा. आपल्याकडं तराजू चालतो.” उत्तर प्रामाणिक होते. कचेरीतले मोठे यंत्र पंधरा किलोंच्या आसपास भरते. त्याला लोखंडाच्या भावाहून थोडे अधिक मिळाले तर तो खुशीने देतो, आणि पुढच्या वेळी तसे यंत्र आले की बाजूला काढूनही ठेवतो. आमची निम्मी यंत्रे याच ओळखीने मिळाली.

कशी पारखावीत

जाताना खिशात दोन कोरे कागद, एक लहान ब्रश आणि विजेरी ठेवावी. पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट, कॅरेज. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते का? जात नसेल तर लगेच निराश होऊ नये. पुष्कळदा समासाचे अडसर मध्येच सरकलेले असतात, किंवा प्रवासासाठी कॅरेज अडकवून ठेवण्याची कळ लागलेली असते. विक्रेता ‘जाम झालंय’ म्हणतो आणि यंत्र निर्दोष असते.

दुसरी गोष्ट, कॅरेजला ओढणारी पट्टी. कॅरेज सैल असून हाताने दोन्हीकडे सरकत असेल, पण अक्षर दाबूनही आपणहून पुढे जात नसेल, तर बहुधा ही पट्टी तुटलेली किंवा निसटलेली असते. हा दोष दिसतो मोठा, पण पुष्कळदा मजबूत दोरीनेही दुरुस्त होतो.

तिसरी गोष्ट, दांड्या. प्रत्येक कळ दाबून दांडी उठते आणि परत खाली बसते का ते पाहावे. सावकाश बसत असेल तर तो मळाचा दोष. दांडी वाकलेली असेल किंवा टोकाचा खिळा तुटलेला असेल तर मात्र विचार करावा. खिळा नव्याने बसविणारे कारागीर आता फार थोडे उरले आहेत.

चौथी गोष्ट, रूळ. नखाने दाबून पाहावा. रबर दगडासारखे घट्ट झाले असेल तर अक्षर कर्कश वाजते, कागदाला भोके पडतात आणि खिळेही झिजतात. मागे एक जादा कागद घातला की काम चालते.

पाचवी गोष्ट, गंज. वरवरचा गंज निघतो. पण पावसात उघड्यावर राहून दांड्यांच्या मुळाशी गंज चढला असेल, तर ते यंत्र सुट्या भागांसाठीच घ्यावे. दोन मृत यंत्रांतून एक जिवंत यंत्र उभे राहते, हेही काही थोडे नाही.

इंग्रजी यंत्रावर एकचा आकडा सापडला नाही तर तो तुटला असे समजू नये. जुन्या पुष्कळ यंत्रांवर तो नसेच. लहान ‘एल’ हेच अक्षर एक म्हणून वापरीत. यंत्राचे वय बहुधा त्याच्या क्रमांकावरून कळते. तो क्रमांक कॅरेजखालील सांगाड्यावर ठोकलेला असतो आणि धूळ पुसल्याशिवाय दिसत नाही.

तेल घालू नका

दुरुस्तीविषयी आम्ही जो पहिला धडा शिकलो तो आमच्याच चुकीतून. आमचे पहिले यंत्र मंद चालत होते. आम्ही शिवणयंत्राचे तेल आणले आणि दांड्या जेथे एकत्र येतात त्या अर्धवर्तुळाकार भागात सढळ हाताने सोडले. यंत्र असे सुरेख चालू लागले की आमच्या हुशारीचा आम्हांलाच अभिमान वाटला. तीन आठवड्यांनी पाहतो तो एकही दांडी उठेना. तेलाने धूळ धरली होती, आणि धूळ व तेल मिळून डिंकासारखा लगदा झाला होता. तो काढण्यास आम्हांला दोन रविवार लागले.

म्हणून नियम असा: दांड्यांच्या खाचांत तेल मुळीच घालावयाचे नाही. त्या कोरड्याच असावयास हव्यात. आधी कोरड्या ब्रशाने सारी धूळ झाडावी. मग पेंटच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइनसारखे द्रावण ब्रशावर थोडे थोडे घेऊन खाचा धुवाव्यात, आणि दर वेळी कळा चालवून पाहाव्यात. हे काम उघड्या हवेत, विस्तवापासून दूर करावे. द्रावण पेट घेणारे असते. बाहेरचे पत्र्याचे आवरण मात्र साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या व घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे, कारण द्रावणाने जुना रंग आणि त्यावरील सोनेरी अक्षरे निघून जातात. खिळ्यांतील ‘ब’, ‘व’, ‘म’ यांसारख्या अक्षरांची पोटे शाईच्या मळाने भरलेली असतात. ती टोकदार काडीने उकरावीत. तेलाचा एखादा थेंब द्यावयाचाच तर कॅरेज ज्या पट्टीवर सरकते तेथे, आणि तोही सुईच्या टोकाने. फीत बहुधा अर्धा इंच रुंदीचीच असते. नेमके चाक मिळाले नाही तरी मिळेल ती फीत जुन्या चाकावर गुंडाळून घेता येते.

मराठी यंत्राची गोष्ट

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही आज बोलण्यास उभे राहिलो तिच्याकडे वळतो.

इंग्रजीचा व्यवहार सव्वीस अक्षरांत आटोपतो. देवनागरीचे तसे नाही. स्वर, व्यंजने, काना-मात्रा, उकार, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे हे सर्व चाळीस-पंचेचाळीस कळांवर बसवावयाचे. ज्यांनी हे कोडे सोडविले त्यांनी आपल्या लिपीकडे फार बारकाईने पाहिले असले पाहिजे. त्यांनी हेरले की, आपल्या पुष्कळ अक्षरांना उजवीकडे उभी दांडी असते आणि ती काढली की अर्धे अक्षर उरते. मग ‘श’, ‘ण’, ‘ध’, ‘भ’, ‘ख’ यांची अर्धी रूपे तेवढी कळांवर ठेवली आणि उभी दांडी वेगळ्या कळीवर दिली. तीच दांडी काना म्हणूनही चालते. ‘शाळा’ हा शब्द लिहून पाहा: अर्धा श, मग दांडी, की झाला श, पुन्हा तीच दांडी, की झाला शा, मग ळ, आणि पुन्हा दांडी. पाच ठोक्यांत शाळा. अर्ध्या अक्षरामुळे जोडाक्षरांचीही सोय आपोआप झाली. मात्रा, उकार, अनुस्वार यांच्या कळा अशा बसविल्या की खूण उमटते, पण कॅरेज जागची हलत नाही. त्यामुळे ती खूण अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारावयाची, कारण ती कागदावर आधी येते. बोलताना ‘कि’मधला क आधी, लिहिताना वेलांटी आधी, हा फरक ज्यांनी या यंत्रावर हात बसविला त्यांच्या बोटांत कायमचा राहिला आहे.

हाच कळफलक पुढे संगणकावरही आला आणि जुने हात अजून त्यावरच लिहितात. म्हणजे यंत्र गेले तरी त्याची रीत गेली नाही. परंतु ती रीत अशी का, हे कळण्यासाठी यंत्रच समोर पाहिजे. पडद्यावर अर्धा श आणि दांडी ही विचित्र खोड वाटते. यंत्रावर ती समोर घडताना दिसते आणि क्षणात पटते.

आणि धोका आहे तो याच यंत्राला. लहान इंग्रजी यंत्र कोणीतरी घेतेच. त्याला परदेशांतही चाहते आहेत. अमेरिकन लेखक कॉर्मॅक मॅकार्थी यांनी गहाणवटीच्या दुकानातून पन्नास डॉलरना घेतलेले ऑलिव्हेटी २००९ साली लिलावात दोन लाख चोपन्न हजार पाचशे डॉलरना गेले. त्यांच्या मित्राने त्यांना त्याच जातीचे दुसरे यंत्र अकरा डॉलरना आणून दिले आणि ते पुन्हा लिहू लागले. नट टॉम हँक्स यांनी तर मोठा संग्रह केला आणि मग त्यांतील यंत्रे दुरुस्तीच्या दुकानांना देऊन टाकण्यास आरंभ केला. पण पंधरा किलोंचे, काळे-करडे, मराठी कळांचे यंत्र न्यूयॉर्कहून कोण मागविणार? ते वाचवावयाचे तर ज्यांना मराठी वाचता येते त्यांनीच वाचविले पाहिजे. म्हणून आमच्यापुरता आम्ही नियम केला आहे: एकाच दिवशी इंग्रजी आणि मराठी अशी दोन यंत्रे दिसली आणि पैसे एकापुरतेच असले, तर मराठी घ्यावयाचे.

कोणाला द्यावीत

यंत्र मिळाले, साफ झाले, पुढे काय? ते साठवून ठेवणे हा उपाय नव्हे. तीन यंत्रांनंतर घरची मंडळी विचारू लागतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

देण्याच्या बाबतीत आम्ही सुरुवातीस फसलो. एका उपाहारगृहाच्या मालकांनी मोठ्या आवडीने एक यंत्र मागून नेले. आम्हांला वाटले, लोकांच्या डोळ्यांपुढे राहील. काही महिन्यांनी गेलो तो यंत्राच्या पोटात दिवा बसविला होता आणि दिव्याच्या तारेसाठी दांड्या कापून टाकल्या होत्या. विलायतेत तर गोल कळा कापून त्यांच्या बांगड्या आणि कर्णभूषणे करतात. कळा विकल्या जातात आणि यंत्र मरते. त्या मालकांवर आम्हांला राग धरता आला नाही. आम्हीच त्यांना एक प्रश्न विचारावयास विसरलो होतो.

तो प्रश्न आम्हांला पुढे एका वर्गचालकांनी शिकविला. त्यांचा वर्ग बंद झाला होता. यंत्रे ओळीने मांडलेली, प्रत्येकावर रेक्झिनची खोळ, खोळीवर रंगाने घातलेला क्रमांक. आम्ही किंमत विचारली. ते म्हणाले, “किंमत नंतर बघू. भंगारवाला आला, त्यानं वजन विचारलं. तुम्ही किंमत विचारता. यावर लिहिणार कोण, ते आधी सांगा.” आमच्याजवळ उत्तर नव्हते. सरांनी त्या दिवशी आम्हांला एकही यंत्र दिले नाही. दोन महिन्यांनी आम्ही तीन माणसांची नावे घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी मोजून तीन यंत्रे दिली आणि प्रत्येकीत स्वतःच्या हाताने नवी फीत घातली. बाकीची यंत्रे तोवर वजनावर गेली होती. ती वेळ आमच्यामुळे गेली, ही खंत आजही आहे.

तेव्हापासून आम्ही आधी माणूस शोधतो आणि मग यंत्र. मागणाऱ्याला विचारतो, “यावर काय लिहाल?” उत्तर मोठे असण्याची गरज नाही. कोणी म्हणते भावाला पत्रे, कोणी म्हणते देवळाच्या पावत्या, कोणी म्हणते मुलाला शुद्धलेखन. एवढे पुरे. ‘दिवाणखान्यात छान दिसेल’ हे उत्तर आले तर आम्ही नम्रपणे दुसरी एखादी शोभेची वस्तू सुचवितो. यंत्राबरोबर एक जादा फीत, एक खोळ आणि एक पानभर सूचना देतो. खाली जाड लोकर किंवा रबराचा तुकडा घालावा, कारण चाळीत आणि सदनिकांत खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचाही विचार केला पाहिजे. जेवढा खर्च झाला तेवढाच घेतो. सहा महिन्यांनी एकदा भेट देतो. यंत्र नुसतेच पडून असेल तर परत मागतो. त्यात कोणी राग मानलेला नाही. उलट पुष्कळांना सुटल्यासारखे वाटते.

सरांकडच्या त्या तीन यंत्रांपैकी एक मराठी यंत्र एका आजींना दिले. त्यांनी तरुणपणी कोर्टाच्या आवारात टंकलेखन करून घर चालविले होते. हात थकल्यावर यंत्र विकले, आणि ते विकल्याचे त्यांना वाईट वाटत होते हे त्यांच्या नातीने आम्हांला सांगितले. आम्ही यंत्र टेबलावर ठेवले, कागद घातला. आजींना आता जवळचे नीट दिसत नाही. त्यांनी दोन्ही हात कळांवर नेले, क्षणभर बोटे चाचपली आणि न पाहता एक ओळ ठोकली. आम्ही वाकून वाचले: ‘मे. दिवाणी न्यायाधीश साहेब यांचे न्यायालयात’. एकही चूक नव्हती. आजी हसल्या आणि नातीला म्हणाल्या, “अगं, मला दुसरं काही सुचलंच नाही.” हल्ली त्या आपल्या बहिणीला पत्रे लिहितात. यंत्राची पुढची दुरुस्ती आम्ही फुकट करू, असे आम्ही त्यांना कबूल केले आहे.

इंटरनेट आणि संगणक यांच्याशी या यंत्राची बरोबरी लावणे वेडेपणाचे होईल. संगणकाने टंकलेखकाचे कष्ट कमी केले, एका चुकीसाठी सबंध पान आणि त्याखालच्या चार कार्बन प्रती पुन्हा काढण्याची शिक्षा रद्द केली. ते चांगलेच झाले. सर्वच जुनी यंत्रे वाचवावीत असेही आमचे म्हणणे नाही. ते होणारही नाही. म्हणणे एवढेच आहे की, जे यंत्र चालते आणि ज्यावर लिहिण्यास एक तरी हात तयार आहे, ते वितळविणे हा अपव्यय आहे. तो हात शोधण्यास जो थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ आपण यंत्राला द्यावा.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी माळ्यावर असे यंत्र असेल त्यांना एक विनंती. दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते खाली काढा, धूळ झाडा, कागद घाला आणि आपले नाव लिहून पाहा. नाव उमटले तर मग वजन करण्याऐवजी ओळखीच्या चार माणसांना विचारा, “यावर कोण लिहील?” चौघांत एक जण निघतो, असा आमचा अनुभव आहे.